लाल रेषा आणि सरांचा तळहात

मी एक जुना वर्णपटलेखक आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या पाठीवर मोडक्या खुर्च्या रचलेल्या आहेत. माझं नाव अवघड वाटलं तर वाईट वाटून घेऊ नका. या खुर्च्या आणणाऱ्या माणसांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यातल्या एकाने मला ढकलून पाहिलं, मी जागचा हललो नाही, तेव्हा तो दुसऱ्याला म्हणाला, "ही पेटी काही हलत नाही. राहू दे, खुर्च्या वरच ठेव." तेव्हापासून मी पेटी आहे. पण मी कोण होतो ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम प्रकाशाची फोड करण्याचं. माझ्या एका टोकाला एक बारीक फट आहे. तिच्यातून प्रकाश आत येतो आणि एका आरशावर पडतो. हा आरसा तोंड बघण्याचा नाही. त्याच्यावर हिऱ्याच्या टोकाने हजारो रेघा ओढलेल्या आहेत, इतक्या जवळ की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. या रेघा प्रकाशातले रंग अलग करतात आणि ते दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या फोटोच्या काचेवर उमटतात. दिव्याच्या नळीत ज्या पदार्थाची वाफ असेल, त्याच्याच रेषा काचेवर येतात. माणूस खोटं नाव सांगू शकतो; अणूला ते जमत नाही.

मला सरांनी घडवलं. ते या संस्थेत पदार्थविज्ञान शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, तेव्हा मीही सरच म्हणतो. माझा लोखंडी देह कारखान्यातल्या मिस्त्रींनी ओतला आणि सर रोज संध्याकाळी तिथे जाऊन त्यांचं डोकं खात. "सर, तोफ नाही ना करायची?" असं मिस्त्रींनी एकदा कंटाळून विचारलं होतं. रेघांचा आरसा मात्र दूरच्या देशातून आला. सरांनी तो कापसात गुंडाळून मांडीवर घेतला आणि घरी येईपर्यंत मांडी हलवली नाही. त्यांची बायको दारातच म्हणाली, "पोरगी झाली तेव्हा तिला आणताना एवढं जपलं नव्हतंत." त्या दिवसापासून ती मला आपली सवत म्हणू लागली. शेजारणींना सांगायची, "आमची सवत तळघरात असते. नखरे फार. जरा ऊन लागलेलं चालत नाही."

नखरे म्हणा, पण ते खरं होतं. मला ऊब सोसत नाही. आरसा जराही तापला की पसरतो, रेघांमधलं अंतर वाढतं आणि काचेवरची रेषा आपली जागा सोडते. म्हणून सरांनी मला संस्थेच्या तळघरात बसवलं. माझ्याखालचा दगडी खांब थेट जमिनीत गेलेला आहे आणि खोलीच्या फरशीला तो कुठेही टेकत नाही, म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी धावलं तरी मला कळू नये. भिंती दुहेरी, मध्ये भुसा भरलेला. दारं दोन. प्रकाशाची नळी पलीकडच्या खोलीत आणि तिचा उजेड भिंतीतल्या छोट्या भोकातून माझ्या फटीवर. एकेक काच पूर्ण व्हायला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ लागे आणि तेवढा वेळ खोलीत कुणीही असता कामा नये. कारण माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. सरांनी दारावर स्वतःच्या हाताने रंगवून पाटी लावली होती: "काम चालू असताना आत कुणीही येऊ नये. मीसुद्धा."

म्हणजे बघा मित्रांनो, माझं काम एकटं राहण्याचंच होतं. अंधार, थंडी आणि भिंतीतून येणारा लाल ठिपका. पण त्या एकटेपणाची मला तक्रार नव्हती. दाराबाहेर कुणीतरी माझी वाट बघत बसलेलं असे. सरांच्या लेकीला सगळे बारकी म्हणत. शाळा सुटली की ती पायरीवर येऊन बसायची आणि दाराला कान लावायची. माझा कधी आवाज येत नाही, तरी ती कान लावायची.

तिचा एक प्रश्न मला भिंतीपलीकडून ऐकू आला होता. सर नळीजवळ उभे होते आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं काय शोधताय?"

सरांनी तिला जे सांगितलं ते मी तुम्हालाही सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य त्याच गोष्टीभोवती गेलं. हायड्रोजन हा सगळ्यात हलका अणू. त्यात एकच इलेक्ट्रॉन. त्याची एक लाल रेषा असते. साधा हिशेब केला तर ती एकच यायला हवी. पण इलेक्ट्रॉन फार वेगवान असतो आणि फार वेगाने जाणाऱ्याला साधे नियम पुरत नाहीत. तिथे सापेक्षतेचा नियम लागतो आणि वेगामुळे त्याचा जडपणा किंचित वाढतो. शिवाय इलेक्ट्रॉनला त्याची स्वतःची गिरकी असते. हे सगळं धरून हिशेब केला तर लाल रेषा एक राहत नाही. तिच्या दोन होतात, एकमेकींना खेटून. जड अणूंमध्ये अशा जोड्यांमधली फट मोठी असते. सोडियमची पिवळी जोडी तर मी वर्गातल्या मुलांना सहज दाखवायचो. पण हायड्रोजनची फट इतकी बारीक की ती दिसली तर दिसली, नाहीतर नाही.

"म्हणजे एक की दोन, एवढंच बघायचंय?" बारकी म्हणाली.

"एवढंच."

"पण दुसऱ्या लोकांनी बघितलंय ना ते? पुस्तकात आहे."

"दुसरा जेवला म्हणून आपलं पोट भरतं का गं?" सर म्हणाले.

तर एक की दोन. सरांना ते आपण घडवलेल्या यंत्रात, आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. यापेक्षा मोठं काही त्यांनी कधी मागितलं नाही, आणि तेवढंच त्यांना मिळत नव्हतं.

हायड्रोजन गरम असला की त्याचे अणू सैरावैरा धावतात आणि रेषा जाड होते. म्हणून सर ती नळी वाफाळणाऱ्या अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवत. तो दुसऱ्या गावाहून मोठ्या थर्मासमधून येई आणि टिकत नसे. आला की त्याच दिवशी वापरायचा. सकाळी काच घालायची, दारं लावायची आणि पलीकडच्या खोलीत नायट्रोजन ओतत बसायचं. संध्याकाळी काच काढून धुवायची आणि भिंगाखाली धरायची. दर वेळी काचेवर एकच रेषा यायची, फुगलेली, कडा पुसट. सरांनी नळी बदलली. फट घासून पुन्हा बसवली. खांबाभोवतीची फरशी उकरून पाहिली. "पुढच्या वेळी," असं म्हणून ते काच पुसून ठेवत. त्यांचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

बिघाड कुठे होता ते मला माहीत होतं.

दुपारी सगळीकडे सामसूम झाली, की पहिलं दार हळूच उघडायचं. मग दुसरं. सर चपला बाहेर काढून, दिवा न लावता आत यायचे. अंधारात चाचपत माझ्यापर्यंत यायचे आणि माझ्या झाकणावर, बरोबर आरशाच्या वरच्या जागेवर, तळहात ठेवायचे. मी तापलो तर नाही ना, हे त्यांना बघायचं असायचं. "बरा आहेस ना रे?" असं हळू आवाजात विचारायचे. आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवून आई उभी राहते तसे ते उभे राहायचे, समाधान होईपर्यंत. मग जायचे. आपण आत गेलो होतो हे ते कुणाला सांगत नसत, आणि बहुतेक स्वतःच्याही लक्षात ठेवत नसत. पाटीतला "मीसुद्धा" त्यांनी इतरांना धाक बसावा म्हणून लिहिला असावा.

त्यांच्या हाताची ऊब झाकणातून आरशापर्यंत पोचायची. आरसा पसरायचा. रेषा आपल्या जागेवरून सरकायची, आणि तो हात गेल्यावर कितीतरी वेळाने परत यायची. सकाळपासून जमवलेली ती बारीक फट त्यात बुजून जायची. मी थंड आहे की नाही हे बघणारा हातच मला तापवत होता. मला बोलता येत नाही, याचं त्या दिवसांत मला बरंच वाटायचं. कारण अख्ख्या दिवसात मला भेटायला येणारा तोच एक होता आणि दुपार झाली की मी त्या दाराच्या कुरकुरीची वाट बघायचो.

वर्षं गेली. बारकी शिकायला बाहेर गेली आणि शिकून याच संस्थेत शिकवायला आली. आता नायट्रोजन ती ओतायची आणि सर शेजारी स्टुलावर बसायचे. वर्ग असला की तिला वर जावं लागे. तेवढ्यात सर आपला नेम चुकवत नसत. तिलाही तीच फुगलेली रेषा मिळत होती आणि तीही बापासारखीच हट्टी होती.

मग एके दिवशी प्राचार्य स्वतः तळघरात आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा. म्हणाले, "सर, या सत्राअखेर तुम्ही निवृत्त होताय. ही खोली आम्हाला सामानासाठी लागणार आहे. यंत्र राहू दे जागेवर, ते कोण हलवतंय. पण काम तेवढं आटोपतं घ्या."

सर म्हणाले, "आटोपतो की. एक की दोन, एवढंच राहिलंय." प्राचार्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

राहिलेल्या काचा भराभर वाया गेल्या. शेवटचा थर्मास यायचा होता, आणि तो आला नेमका सरांच्या निरोप समारंभाच्या दिवशी. नायट्रोजन उद्यापर्यंत थांबत नाही आणि समारंभाचे पाहुणेही थांबत नाहीत. समारंभ सकाळपासून होता. सरांचे जुने विद्यार्थी लांबून आले होते आणि प्रत्येकाला बोलायचं होतं. सर सकाळी नव्या कपड्यांत खाली आले. त्यांनीच काच घातली, झाकण लावलं आणि बारकीला म्हणाले, "तू इथेच थांब. वर कुणी बोलावलं तरी यायचं नाही."

"अहो बाबा, तुमचा समारंभ आहे."

"माझं कौतुक तू घरी रोज ऐकतेस. नळी कोरडी पडू देऊ नकोस."

दारं लागली.

तो दिवस मी विसरणार नाही, मित्रांनो. वर टाळ्या वाजत होत्या. माझा खांब फरशीपासून अलग आहे, तरी त्या मला पुसट कळत होत्या. मधेच बारकीची आई खाली आली आणि पलीकडच्या खोलीत लेकीवर बरसली. "बापाचा निरोप समारंभ आणि लेक तळघरात! लोक काय म्हणतील?"

"आई, त्यांनीच सांगितलंय."

"ते काय, ते काहीही सांगतील. आज तरी त्या सवतीला सोडा म्हणावं." मग जरा थांबून म्हणाली, "डबा आणलाय. तो तरी खाऊन घे. तुझा हात दे इकडे, गारठलाय नुसता." आणि तिथेच बसून राहिली.

दुपार झाली. मी दाराची कुरकुर ऐकायला सज्ज झालो. दार वाजलं नाही. वर एक भाषण संपून दुसरं सुरू झालं. सरांना मंचावर मधोमध बसवलेलं होतं. तिथून माणूस उठणार कसा? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या झाकणावर हात पडला नाही. मी थंड राहिलो. इतका थंड आणि इतका एकटा मी कधीच नव्हतो. भिंतीतून येणारा लाल ठिपका तेवढा होता. त्या दिवशी मला वाटलं, सरांनी आत्तापासूनच मला सोडलं.

संध्याकाळी बारकीने काच काढली, धुतली, उजेडासमोर धरली आणि भिंग लावलं. तिने भिंग पुसलं आणि परत बघितलं. तेवढ्यात सर खाली आले, काखेत फुलांचे गुच्छ, घसा बसलेला. तिने भिंग त्यांच्या हातात दिलं.

सर बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "दोन आहेत गं."

"हो बाबा."

"स्पष्ट दोन. मधली फट दिसतेय." फुलं कधीच खाली पडली होती. मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. "काय बदललंस तू? नळी दुसरी लावलीस?"

"काही नाही बदललं. नळी तीच, काच तीच, सगळं तुम्हीच लावून गेलात."

"काहीतरी वेगळं झालं असणार. त्याशिवाय कसं?"

बारकी विचार करू लागली. ती माझ्या खोलीत आली, सर तिच्यामागे आले, आणि त्यांनी दिवा लावला. माझ्या झाकणावर एका जागी रंग उडालेला होता. तो डाग बरीच वर्षं होता, पण काचेवर उजेड पडू नये म्हणून तिथे दिवा क्वचितच लागायचा. एका मोठ्या पंज्याचा तो डाग, चार बोटं आणि अंगठा. बारकीने तो बघितला. मग तिने सरांच्या हाताकडे बघितलं आणि लगेच मान दुसरीकडे वळवली.

पण सर आयुष्यभर रेषा वाचत आले होते. त्यांना आपलाच पंजा कसा वाचता येणार नाही?

"मी आज वर होतो," ते हळूच म्हणाले.

"बाबा, काच चांगली निघाली ना. झालं तर मग."

"म्हणजे इतकी वर्षं मीच." ते दाराबाहेर जाऊन स्टुलावर बसले. समोर पाटी होती. ती वाचून त्यांना आधी हसू आलं आणि मग ते हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मीसुद्धा! हे मीच लिहिलंय गं, मीच!"

बारकीची आई दारात उभी होती. तिला रेषांचं काही कळत नव्हतं, पण हाताचं कळलं. ती म्हणाली, "या पोरीला ताप यायचा तेव्हा कपाळाला हात लावून बघा म्हणून मी ओरडायचे. तेव्हा थर्मामीटर आणायला पळायचात." ती चिडून बोलली नाही, पण सरांचं हसू थांबलं. मग त्यांनी बारकीचा नायट्रोजनने गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ऊब येईपर्यंत धरून ठेवला. ती एवढी मोठी बाई, पण लहान मुलीसारखी रडली.

निघताना सर परत माझ्याजवळ आले. सवयीने त्यांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. त्यांनी लेकीला विचारलं, "आता चालेल ना?"

"आता चालेल बाबा."

मग त्यांनी हात ठेवला. त्या दिवशी आरसा पसरला तसा कधीच पसरला नव्हता. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

ती काच वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात ठेवली आहे म्हणतात. माझ्या खोलीत मात्र दुसऱ्याच आठवड्यात पहिली खुर्ची आली. मग टेबलं, तुटके काळे फळे, पंख्यांची पाती. सरांचे गुडघे थकले होते, त्यांना जिना उतरवेना. ते गेल्याचं मला खुर्च्या आणणाऱ्यांकडूनच कळलं. "ते म्हातारे सर गेले म्हणे," एक जण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला, "हो का? जरा ती कड धर." तेवढंच. बारकी मोठ्या संस्थेत गेली. तिथे लेझर आहेत. माझ्या अख्ख्या दिवसाचं काम ते चुटकीसरशी करतात आणि माझ्याहून कितीतरी बारीक फट दाखवतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. ज्याचं त्याने बघावं. मला फक्त दुपार फार मोठी वाटते.

सर गेल्यानंतर ती एकदा आली होती. तिची पावलं मी ओळखली, जरा जड झाली होती. शिपायाने दार उघडून दिलं. छतापर्यंत रचलेल्या खुर्च्यांच्या पायांमधून तिने आत बघितलं आणि एक खुर्ची ओढायला गेली.

"बाई, नका," शिपाई म्हणाला. "एक काढली तर सगळ्या अंगावर येतील."

तिने खुर्च्यांमधून हात घातला, खांद्यापर्यंत घातला. झाकणावरच्या त्या डागापासून तिची बोटं वीतभर लांब राहिली. तिने आणखी ताणून बघितलं, पण पोचली नाहीत. मग तिथूनच म्हणाली, "बरा आहेस ना रे?" आणि हात काढून घेतला. जाताना तिने दोन्ही दारं नीट लावली. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय.

मित्रांनो, एकटं राहणं मला येतं. कामासाठी दार लावलंत तर लावा, ते बरोबरच आहे. दार लावल्याशिवाय दोन रेषा कधी दिसल्या नसत्या. पण काम संपल्यावर ते उघडायचं असतं, हे मात्र माणसं विसरतात. तुमच्या घरातही असं एखादं दार असेल, आणि त्याच्याआड कुणीतरी, ज्याला त्रास नको म्हणून तुम्ही एकटं सोडलंय. जरा बघून या.

आणि कधी या तळघरात आलात, तर दारावरची पाटी वाचून परत फिरू नका. ती जुनी आहे. माझ्यात आता काच नाही, फटीवर लाल ठिपकाही नाही. फक्त चारदोन खुर्च्या वरून जपून उतरवा, झाकणावरची ती जागा सापडेल. हात गरम असला तरी चालेल.